दोन मिलिमीटर, दहा मीटर

१४ जुलै
मायनर विषयाचा फॉर्म शुक्रवारपर्यंत भरायचा आहे. मेजर फिजिक्स, ते ठरलेलंच होतं. बारावीत असल्यापासून दुसरं काही मनात आलं नाही. मायनरच्या यादीत गणित, इलेक्ट्रॉनिक्स, स्टॅटिस्टिक्स आणि जिऑलॉजी. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी गणित किंवा इलेक्ट्रॉनिक्स भरलं. मी कॉम्प्युटर लॅबमध्ये पाऊण तास जिऑलॉजीवर कर्सर ठेवून बसले आणि काहीच न भरता उठले.

मेंटॉर मॅडम म्हणाल्या, "जिऑलॉजी घेशील तर गणित कुठून आणशील? एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेला ते लागतंच." माझ्याकडे उत्तर नव्हतं. नव्या शैक्षणिक धोरणात आमच्याकडे वर्षाला ४४ क्रेडिट, त्यात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, भाषा, भारतीय ज्ञान परंपरा. एका वर्षानंतर थांबलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. मिळवलेली क्रेडिट एबीसीच्या, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या, खात्यात जमा राहतात. हे सगळं पहिल्या वर्षी तीनदा समजावून सांगितलंय. पण कोणता विषय कशाच्या आधी यायला हवा, हे कुठल्याच तक्त्यात नाही. आज मला तेच हवं होतं.

१६ जुलै
रात्री अण्णांना, म्हणजे वडिलांना, फोन केला. जिऑलॉजी म्हणजे दगड-मातीचं शास्त्र, असं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "पाण्याचं पण त्यातच येतं का?"

मी सातवीत असताना आमच्या वरच्या रानात बोअर मारायचं ठरलं. जमिनीखालचं पाणी दाखवणारा पानाड्या आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो बांधाबांधानं चालत होता आणि आम्ही पोरं त्याच्या मागे. एका जागी नारळ उभा राहिला. तिथं ३२० फूट खोदलं. पहिल्यांदा पांढरी धूळ आली, मग काळी, मग परत पांढरी. पाणी आलंच नाही. त्या पैशांसाठी आईनं पाटल्या मोडल्या होत्या. ती जागा अजून तशीच आहे, तोंडावर दगड ठेवलेला. पानाड्याला मी बोल लावत नाही, त्यानं त्याला येत होतं ते केलं. पण जमिनीखाली काय आहे हे मोजून सांगता येत असेल, तर ते मला शिकायचं आहे.

फॉर्म भरला. जिऑलॉजी.

२८ जुलै
जिऑलॉजीचा पहिला आठवडा संपला. दख्खनच्या लाव्ह्याचे थर कसे एकावर एक साचत गेले ते सरांनी फळ्यावर काढलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूच्या पोकळ्या, खालच्या भागात घट्ट बसॉल्ट. पाणी राहतं ते झिजलेल्या, भेगाळलेल्या किंवा पोकळ्यांच्या भागात. घट्ट खडकात भेग नसेल तर थेंबही नाही.

हे लिहून घेताना मला विहीर खणणाऱ्या माणसांचे शब्द आठवत होते. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, मध्येच गेरूसारखा तांबडा पट्टा. अण्णा हे शब्द रोजच्या बोलण्यात वापरतात. सरांना विचारलं, तर ते म्हणाले की मांजऱ्या म्हणजे बहुतेक ठिकाणी पोकळ्यांमध्ये खनिजं भरलेला बसॉल्टच. त्यांनी तो शब्द फळ्यावर लिहिला. मला फार बरं वाटलं.

११ ऑगस्ट
व्हायचं तेच झालं. इलेक्ट्रोस्टॅटिक्समध्ये डायव्हर्जन्स आला आणि गणित मायनरवाली मुलं मान डोलवत होती, कारण त्यांचं व्हेक्टर कॅल्क्युलस मागच्याच आठवड्यात झालं होतं. मी आणि मागच्या बाकावरचे तिघे, आम्ही चिन्हं नुसती उतरवून घेतली. तास संपल्यावर मला रडू येत होतं. चूक माझी आहे असं मला वाटत नाही. जो अभ्यासक्रम निवड करायला सांगतो, त्यानं निवडीची किंमतही आधी सांगायला हवी. निवड सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी करायची आणि पायऱ्यांचा क्रम मात्र ज्याचा त्यानं शोधायचा, यात गावाकडून आलेली, घरात विचारायला कोणी नसलेली मुलंच मागे पडतात. हे मी विद्यार्थी प्रतिनिधीमार्फत लेखी कळवलं आहे.

गणिताच्या सरांना भेटले. त्यांच्या वर्गात नाव नोंदवता येणार नाही, कारण त्यांचा एक तास आणि जिऑलॉजीचं एक प्रॅक्टिकल एकाच वेळी आहे. पण आठवड्यातले दोन तास मोकळे सापडतात, सकाळी ७.२० चे. सर म्हणाले, "येऊन बस. हजेरी लागणार नाही, क्रेडिट मिळणार नाही." चालेल म्हटलं. राहिलेला भाग स्वयम पोर्टलवरच्या ऑनलाइन कोर्समधून करेन.

२ सप्टेंबर
७.२० ला पोचायचं तर ६.३५ ची बस. आज चुकली नाही.

१८ सप्टेंबर
आज ग्राउंडवर रेझिस्टिव्हिटीचं प्रात्यक्षिक. वेनर पद्धत. फ्रँक वेनर अमेरिकेत ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये होते, त्यांनी १९१५ च्या सुमाराला ही मांडणी दिली. चार लोखंडी खुंट्या एका सरळ रेषेत, सारख्या अंतरावर ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांमधून जमिनीत करंट सोडायचा आणि आतल्या दोन खुंट्यांमधलं व्होल्टेज मोजायचं. खुंट्यांमधलं अंतर वाढवलं की करंट जास्त खोलवर उतरतो.

खुंटी मी ठोकली. पावसानं माती मऊ होती, चार घावांत वीतभर गेली. वर बाटलीतून मिठाचं पाणी ओतलं, म्हणजे लोखंड आणि माती नीट जोडली जातात. दोन मीटर अंतराला मीटरवर १.९० ओहम आलं, त्यावरून रेझिस्टिव्हिटी साधारण २४ ओहम-मीटर. दहा मीटरला ०.९२, म्हणजे ५८. वीस मीटरला ०.८०, म्हणजे १००. वर ओली काळी माती, खाली जाऊ तसा कमी झिजलेला, जास्त घट्ट दगड. मी आकडे लॉग-लॉग कागदावर मांडले आणि रेघ वर चढत गेली. पायाखालचं काही न खणता दिसतंय, असं वाटून अंगावर काटा आला.

सरांना विचारलं, यातून पाणी कळतं? ते म्हणाले, "पाणी नाही कळत. रेझिस्टन्स कळतो. ओली चिकणमातीसुद्धा कमी रेझिस्टन्स दाखवते. शेजारच्या विहिरीत काय लागलं ते बघितल्याशिवाय या रेघेचा अर्थ लावायचा नसतो." हे वाक्य मी आल्याआल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

१९ सप्टेंबर
सूत्र असं: दोन पाय गुणिले खुंट्यांमधलं अंतर गुणिले व्होल्टेज भागिले करंट. यातला दोन पाय कुठून आला ते सरांनी सांगितलं नव्हतं. रात्री बसले. एका खुंटीतून करंट जमिनीत शिरतो तो सगळीकडे सारखा पसरतो, पण वर हवा आहे, तिकडे जात नाही. म्हणजे तो अर्ध्या गोलातून जातो. अर्ध्या गोलाचं क्षेत्रफळ दोन पाय त्रिज्येचा वर्ग. झालं! मग पहिल्या आतल्या खुंटीवरचं पोटेंशियल: एक भागिले अंतर, वजा एक भागिले दुप्पट अंतर. दुसरीवर त्याच्या उलट. फरक काढला तर बरोबर एक भागिले अंतर उरतं.

पाऊण पानात झालं. पण हे फक्त जमीन सगळीकडे एकसारखी असेल तरच. दोन थर आले की प्रतिमांची पद्धत लागते, आणि ती ग्रिफिथ्सच्या इलेक्ट्रोडायनॅमिक्सच्या पुस्तकात तिसऱ्या प्रकरणात आहे. तिथं लाप्लासचं समीकरण माझी वाट बघतंय. ७.२० चा तास मला का हवा आहे, हे आज माझं मलाच नीट कळलं.

२५ सप्टेंबर
तिसऱ्या वर्षाच्या लॅबमध्ये एक ताई फोर-प्रोबचा प्रयोग करत होती. जर्मेनियमचा इवलासा स्फटिक, त्यावर चार टोकदार सुया, एकमेकींपासून दोन मिलिमीटरवर. बाहेरच्या दोन सुयांतून करंट, आतल्या दोघींमध्ये व्होल्टेज. मी तिची वही बघितली. दोन पाय गुणिले अंतर गुणिले व्होल्टेज भागिले करंट. तेच!

स्फटिक पातळ असल्यामुळे तिच्या सूत्रात एक दुरुस्तीचा गुणक जास्त होता, एवढाच फरक. चार सुया का, दोन का नाहीत, हे तिनं विचारायच्या आत मीच सांगायला लागले: व्होल्टमीटर जवळजवळ करंट घेतच नाही, म्हणून सुई आणि स्फटिक जिथं टेकतात तिथला रेझिस्टन्स मोजणीत घुसत नाही. ग्राउंडवर गंजलेल्या खुंटीचंही तेच. ताई हसली आणि तिनं भट्टीचं तापमान वाढवून मला वाचन घ्यायला दिलं. तापमान चढत होतं, रेझिस्टिव्हिटी उतरत होती.

दोन मिलिमीटर आणि दहा मीटर. मधे पाच हजार पटींचं अंतर, आणि दोन्हीकडे एकच विचार. माझे दोन विषय दोन वेगळ्या इमारतींत आहेत, मधे सायकल स्टँड आहे.

२६ ऑक्टोबर
परीक्षा. इलेक्ट्रोस्टॅटिक्सचा पेपर चांगला गेला. डायव्हर्जन्सचा प्रश्न पूर्ण सोडवला.

१२ डिसेंबर
चौथं सेमिस्टर सुरू. फील्ड प्रोजेक्ट दोन क्रेडिटचा. प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे एकूण ६० तास. मी विषय दिला: गावातल्या विहिरींच्या पातळीची नोंद. रेझिस्टिव्हिटी मीटर डिपार्टमेंटबाहेर द्यायला सर तयार नाहीत, आणि ते बरोबर आहे. ते म्हणाले, "आधी विहिरी मोज. मीटर नंतर."

काल घरी फोन केला तेव्हा आजीनं कोयनेच्या भूकंपाची आठवण काढली. ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ. उतरंड कोसळली तो आवाज तिला अजून ऐकू येतो. तेव्हा कोणी काही सांगायला नव्हतं, ती म्हणाली. आता कराडजवळ त्याच भागातल्या भूकंपांच्या अभ्यासासाठी संशोधन केंद्र आहे आणि तिथं खोल विहिरी पाडून खडक तपासलाय, हे मी तिला सांगितलं. तिनं विचारलं, "मग तू तिथं जाणार का?" मी म्हटलं, आवडेल.

४ जानेवारी
गावी आले आहे. तीस मीटरची टेप, टोकाला शिशाचं वजन, खडू, वही. अण्णांनी आपण होऊन बॅटरी घेतली आणि सोबत आले.

पद्धत साधी आहे. टेपच्या खालच्या भागाला खडू फासायचा, वजन पाण्यात सोडायचं, वर ओढून ओला झालेला खडू कुठवर आहे ते बघायचं. कठड्यापाशी टेपचं वाचन, वजा ओला भाग, वजा कठड्याची उंची. आमच्या विहिरीत कठड्यावरून पाणी ९.४० मीटरवर, कठडा ०.८५, म्हणजे जमिनीपासून ८.५५. अण्णा टेप बघायच्या आधीच म्हणाले होते, "पाच परसावर असंल." भागाकार केला, एक परस १.७१ मीटर. मी त्यांना भिंतीला उभं केलं आणि उंची मोजली. १.७२.

संध्याकाळपर्यंत सहा विहिरी झाल्या. काठाकाठानं कुठं मुरूम संपतो, कुठं मांजऱ्या लागतो, ते अण्णा बॅटरीच्या उजेडात दाखवत होते आणि मी खोली लिहून घेत होते. सातवी चुलत्यांची. बांधावरून त्यांचं आणि अण्णांचं तीन वर्षं बोलणं नाही. ती वगळू, असं मी म्हणाले. अण्णा बांधाशी गेले आणि हाक मारली, "बापू, पोरीला विहिरीत टेप सोडायचाय. मोटर बंद पाहिजे, तासभर तरी, न्हाईतर पातळी खरी येत न्हाई."

हे वाक्य मी त्यांना दुपारी सांगितलं होतं.

बापू जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आता लाइट हाय, भिजवण चाललंय. सकाळच्याला लाइट यायच्या आधी या."

पहाटे साडेपाचला जायचं आहे. टेप पुसून वळणीवर टाकली आहे.