गाडी आणि मी, दोघेही पंधरा वर्षांचे

आमची गाडी आणि मी एकाच वयाचे. माझा जन्म २०१० च्या मार्चमधला आणि गाडी घरी आली त्याच वर्षीच्या डिसेंबरात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यामुळे यंदा दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला पोहोचलो तेव्हा घरात एकच विषय चालू होता. नोंदणी वाढवून घ्यायची, की गाडी विकून नवी घ्यायची?

माझे बाबा सैन्यात ईएमईमध्ये व्हेईकल मेकॅनिक होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आता एमआयडीसीत नोकरी करतात. घरात गाडीची एक जाड वही आहे. पहिल्या दिवसापासूनचं प्रत्येक ऑइल, प्रत्येक नट-बोल्ट त्यात तारखेसह लिहिलेला आहे. बाबा पोस्टिंगवर असायचे तेव्हा वही आई लिहायची.

गेल्या वर्षभराचं पान जरा जड आहे. क्लच ७,५००, चार टायर १४,०००, बॅटरी ४,२००, शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि बुश ९,५००, ऑइल आणि फिल्टर २,८००. एकूण ३८,०००. शिवाय आरटीओत पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवायची फी ५,०००. गाडी विकायला काढली तर एजंट ८५,००० द्यायला तयार आहे. शेजारचे काका म्हणाले, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! विकून टाका."

मला वाटलं, काकांचं बरोबर आहे. बाबा म्हणाले, "तुलना चुकीच्या आकड्याशी होतेय. दुरुस्तीचा खर्च या गाडीच्या किमतीशी ताडून काय उपयोग? ही गेली तर जी येईल, तिच्या खर्चाशी ताडून बघ." आणि पेन माझ्या हातात दिलं.

मग मी हिशोब केला. नवी गाडी सहा लाखांची धरली. दीड लाख रोख आणि साडेचार लाखांचं कर्ज, पाच वर्षांसाठी, ९ टक्क्यांनी. महिन्याचा हप्ता सुमारे ९,३४०. पण हप्ता म्हणजे सगळा खर्च नव्हे, कारण शेवटी गाडी आपल्याकडे उरते. खरा खर्च दोन ठिकाणी होतो. एक म्हणजे व्याज, पाच वर्षांत सुमारे १ लाख १० हजार, म्हणजे वर्षाला २२,०००. दुसरी म्हणजे घसरणारी किंमत. विम्याच्या तक्त्यात पाच वर्षांनी गाडीची किंमत निम्मी धरतात. सहाचे तीन लाख, म्हणजे वर्षाला ६०,०००. गाडी जागेवर उभी ठेवली तरी वर्षाला ८२,००० गेले. समोर आमचं सगळ्यात महागडं वर्ष, ३८,०००. त्यातले टायर आणि बॅटरी पुढची काही वर्षं पुन्हा घ्यायची नाहीत. आणि गाडी वर्षाला जेमतेम सहा हजार किलोमीटर चालते.

जुनी पण कमी वयाची गाडी घ्यावी, असंही कोणीतरी सुचवलं. बाबांचं उत्तर सोपं होतं : "आपल्या गाडीचं दुखणं आपल्याला माहीत आहे. दुसऱ्याच्या गाडीचं वर्षभरानंतर कळतं."

इथे विषय संपला असता, पण आई बोलली. गेल्या जुलैत ती आजीला डोळ्यांच्या ऑपरेशननंतर पुण्याहून घरी आणत होती. खंबाटकीच्या चढावर क्लच प्लेट घसरायला लागली. इंजिन ओरडत होतं आणि गाडी पुढे सरकत नव्हती. अंधार, पाऊस, मागून ट्रक, आणि डोळ्याला पट्टी लावलेली आजी शेजारी. मदत मिळायला दोन तास लागले. आई म्हणाली, "तुमच्या हिशोबात हे दोन तास कुठे लिहिलेत?"

आम्ही दोघेही गप्प बसलो.

तिच्या म्हणण्यात आणखी एक गोष्ट होती. नव्या मोटारींना एबीएस २०१९ पासून सक्तीचं आहे आणि पुढच्या दोन एअरबॅग २०२२ पासून. आमच्या गाडीत दोन्ही नाहीत आणि दुरुस्ती करून त्या बसवता येत नाहीत. बाबांच्या वहीत याला रकानाच नव्हता. मी आईच्या बाजूने बोललो, पण नवी गाडी लगेच घ्यायची म्हणजे ताईच्या इंजिनिअरिंगच्या फीला हात लावायचा, हेही मला दिसत होतं. ताई म्हणाली, मी शैक्षणिक कर्ज घेते. त्यावर आई आणि बाबा पहिल्यांदाच एकत्र "नाही" म्हणाले.

सैन्यात गाडीवर 'बीईआर' असा शिक्का बसतो, बियाँड इकॉनॉमिकल रिपेअर, म्हणजे दुरुस्ती परवडण्यापलीकडे गेलेली. बाबा सांगतात, तिथे गाडी कोणाची लाडकी आहे हे कोणी विचारत नाही, तपासणी होते आणि निर्णय होतो. मिग-२१ सुद्धा १९६३ पासून हवाई दलात होतं. त्यात सुधारणा झाल्या, 'बायसन' आलं. तरीही एक दिवस ठरवावाच लागला आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये ते निवृत्त झालं.

आम्हीही आमच्या गाडीचे नियम ठरवले आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले. इंजिन उघडायची वेळ आली, सांगाड्याला गंज लागला, किंवा बारा महिन्यांत टायर सोडून ६०,००० च्या वर खर्च झाला, तर गाडी जाणार. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, म्हणून रबरी नळ्या आणि सील दर तीन महिन्यांनी बघायचे. आईचा नियम सगळ्यात वर लिहिला : आजीला घेऊन रात्री किंवा पावसात घाट चढायचा असेल, तर भाड्याची गाडी. त्याचे पैसेही याच वहीत धरायचे.

हप्ता वाचला म्हणून तो पैसा खर्चायचा नाही, हेही ठरलं. नोव्हेंबरपासून दरमहा ५,००० ची आरडी सुरू झाली. ताईचं शेवटचं वर्ष २०२७ च्या मे महिन्यात संपेल. तोपर्यंत एकोणीस हप्ते, म्हणजे ९५,००० आणि वरचं व्याज जमेल. तेव्हा गाडी साडेसोळा वर्षांची असेल आणि मी सतरा वर्षांचा. नियम मोडला नाही तर तिची शेवटची नोंद तेव्हा होईल, आणि बाबांनी कबूल केलंय की ती मीच करायची.