जुळे केळे

घडात जुळे केळे निघाले, की ते लेकीसुनांच्या हाती लागू द्यायचे नाही, अशी आमच्या नगरकडे जुनी समजूत आहे. खाल्ले तर म्हणे जुळे होते! मग ते केळे घरातल्या आजोबांच्या वाट्याला जाते. त्यांना कसलेच भय नसते.

पण ज्या घरी लग्नाला सहा-सात वर्षे होऊनही पाळणा हललेला नाही, तिथे हाच नियम उलटा होतो. आमच्या शेजारच्या सासूबाईंनी मध्यंतरी असे केळे मुद्दाम सुनेसाठी राखून ठेवले. "खा गं बाई. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच आहेत. दोन झाली, तर एका बाळंतपणात काम भागेल." सूनबाईंनी केळे घेतले आणि न खाता फडताळात ठेवून दिले.

जुळ्यांत केळ्याचा काडीइतकाही हात नाही. गोळीचा मात्र असतो. या कामी फार दिवस चालत आलेली गोळी म्हणजे क्लोमिफीन. तिच्या गुणाची वार्ता १९६१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तिची युक्ती मोठी गमतीची आहे. शरीरात स्त्री-संप्रेरक कमी पडले आहे, असा ती मेंदूचा समज करून देते. मेंदू बिचारा गडबडून अंडाशयाला जादा निरोप धाडतो. एरवी महिन्याला एक स्त्रीबीज पिकायचे, तिथे कधी दोन पिकतात. दोन्ही फळली, की जुळे! ही जुळी म्हणजे बरोबरीने जन्मलेली साधी भावंडेच. तोंडवळा एक असेलच असे नाही.

आता हिशेब पाहा. आपल्याकडे एरवी शंभर बाळंतपणांत जेमतेम एक जुळे. या गोळीने दिवस राहिलेल्या शंभरजणींत पाच ते आठ. संप्रेरकांची इंजेक्शने असली, तर हा आकडा तिसापर्यंतही जातो. म्हणजे गोळीने दिवस राहिले, तरी नव्वदांहून अधिकजणींना एकच.

आणि तेच बरे! आपल्या जिल्ह्यातली संगमनेरी शेळी दोन करडे देते, तेव्हा मालक खूश होतो. पण बाईची कूस मुळात एकासाठी घडलेली. जुळ्यांतली निम्म्याहून अधिक बाळे सदतीस आठवडे भरण्याआधीच येतात. वजनाला हलकी, काही तर थेट काचेच्या पेटीत. आईलाही रक्तदाबाचा आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून जाणता डॉक्टर सोनोग्राफीत किती बीजे पिकू लागली ते पाहतो आणि फारच दिसली, तर 'हा महिना सोडा' म्हणतो. सहा वर्षे वाट पाहिलेल्या बाईला तो एक महिना केवढा मोठा वाटत असेल! आणि घरी ते सांगायचे तरी कुणाला?

आपले जुने आशीर्वाद आकड्यांच्या बाबतीत फार सढळ. अष्टपुत्रा हो, म्हणताना आपली जीभ अडखळत नाही. यंदा पाडव्याला कुणाची सून पाया पडायला वाकली, तर आकडा मनातच ठेवावा. "सुखरूप राहा" एवढे म्हणावे, आणि पुढे काही न विचारता फराळाचे ताट तिच्यापुढे करावे.