तेरणेकाठचा पितृपंधरवडा

माळवदाच्या घराचा मराठवाड्याला फार भरवसा होता. दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, त्यावर लाकडी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्यात गळू नये म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी माळवदावर नवी माती पडायची, खालची जुनी कुणी काढत नसे. बापजाद्यांच्या हातची माती तशीच थरावर थर साठत जायची. उन्हाळ्यात आत गारवा, आणि रात्री दाराला कडी लागली की चोराचिलटाची भीती नाही. आत्याच्या घरी याच भिंतीतल्या कोनाड्यात तुळजाभवानीचा टाक होता. दिवेलागणीला ती कोनाड्यात निरांजन लावायची आणि आधी देवीला, मग भिंतीला हात लावून तो कपाळाला टेकवायची. देवी आणि भिंत, दोघी मिळून घर राखतात अशी तिची श्रद्धा होती.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गावोगावचे गणपती उशिरापर्यंत विसर्जित झाले, दमलेली माणसं घरी येऊन झोपली. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, राजेगाव, होळी अशी ५२ गावं जवळपास पूर्णच झोपली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या घरात आहे. तिथली माणसं आकडा सांगत नाहीत, घरं मोजतात. अमक्याच्या घरचे सगळे. तमक्याचा एक पोरगा राहिला, तो लातूरला शिकायला होता म्हणून.

आत्याच्या घरात मामा राहिले. ते जागलीसाठी रानात झोपले होते. आम्ही सोलापूरहून पोचलो तेव्हा पाऊस लागला होता. गावाच्या जागी दगडांचे ढीग होते, आणि आपलं घर कोणत्या ढिगाखाली आहे हे मामा पिंपळाच्या खुणेनं शोधत होते. हातानं दगड काढायचे, वरून ओली माती परत घसरायची. लष्कराचे जवान आले, त्यांनी आत्याला बाहेर काढलं, मग सुनेला, मग लेकरांना. मामांनी त्यांची तोंडं पुसायचा प्रयत्न केला. पाण्यानं चिखल जातो, माती जात नाही, असं काहीतरी ते पुटपुटत होते.

जाळायला लाकूड कुठून आणणार? पडलेल्या माळवदांच्या तुळयाच चितेवर गेल्या. ओल्या लाकडावर रॉकेल ओतावं लागलं. एकेका चितेवर कितीतरी माणसं होती. कुणाची रीत जाळण्याची, कुणाची पुरण्याची, ते बघायला सवड नव्हती आणि सांगायला माणूस नव्हता. कितीतरी घरांत अग्नी द्यायला कुणी उरलंच नव्हतं. तिथे शेजाऱ्यानं, परगावच्या पोरानं, ओळखदेख नसलेल्या जवानानं अग्नी दिला. दुःख मोठं होतंच, पण त्याहून मोठी ही लाचारी होती. माणसासाठी शेवटचं जे करायचं असतं तेही धड हातून होईना.

आणि दुसऱ्याच दिवशी पितृपंधरवडा लागला. एरवी त्या पंधरवड्यात घरोघरी खिरीचा वास असतो, गेलेल्यांना नाव घेऊन जेवू घालतात. त्या वर्षी तेरणेकाठच्या गावांत जेवू घालणारेच पितर झाले होते. दहाव्याला आम्ही नदीकाठी पिंड ठेवला. मामा लांब उभे होते. बराच वेळ कावळा शिवला नाही. शेवटी ते पुढे आले, हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "आई, म्या रानात व्हतो. मला कामून ठिवलं?" हे त्यांनी आत्याला विचारलं की भवानीला, मला आजही ठरवता आलेलं नाही.

उत्तरं द्यायला पुष्कळ जण पुढे आले. गावात पाप वाढलं होतं. गणपती बुडवताना काही चुकलं. देवाचा कोप झाला. ही वाक्यं मी तिथेच ऐकली, लेकरं गेलेल्या आयांसमोर बोललेली, आणि मला ती तेव्हाही क्रूर वाटली, आजही वाटतात. आत्याला देवानं मारलं नाही. दगडांना धरून ठेवणारं मातीशिवाय काही नसलेल्या भिंतीनं मारलं, पिढ्यान्‌पिढ्या साठलेल्या माळवदाच्या ओझ्यानं मारलं. १९९२ मध्ये किल्लारीच्या परिसरात हादरे बसले होते, जमिनीतून आवाज येत होते. लोक भीतीनं बाहेर झोपले, मग आवाज थांबले, थंडी पडली आणि लोक आत गेले. दख्खनचं पठार स्थिर, इथे मोठा भूकंप होत नाही, अशीच तेव्हा समजूत होती. ते वर्षभर भिंती बांधून घ्यायला, निदान वरची माती उतरवायला पुरलं असतं. ही खंत पापपुण्याच्या हिशेबापेक्षा खरी आहे.

मामांची श्रद्धा मात्र गेली नाही, आणि याचं मला पुढे नवल वाटेनासं झालं. पुनर्वसनातल्या नव्या गावात सरळ रस्ते आणि मोकळे चौक आले. नव्या घरात त्यांनी ढिगातून सापडलेला चेपलेला टाक ठेवला. दिवा ते लावायचे, मागायचे काही नाहीत. मागण्यासारखं काय उरलं होतं? आत्याचं काम कुणीतरी करायला हवं, एवढंच ते म्हणायचे. ते गेले तोवर तो दिवा चुकला नाही.

दर ३० सप्टेंबरला किल्लारीत स्मृतिस्तंभापाशी लोक जमतात. त्या वाटेनं कधी गेलात तर नव्या गावाबरोबर जुन्या गावठाणावरही जा. एखादं म्हातारं माणूस भेटलं तर गेलेल्यांची नावं विचारा. ती सांगतात, थोरल्यापासून तान्ह्यापर्यंत. सगळी ऐकून घ्या. हे का घडलं ते मात्र त्यांना समजावू नका.