अण्णांचे धोंडे

वाकडे काही दिसले की ते सरळ करायला धावायचे, ही माझी जुनी खोड आहे. तसबीर तिरकी लटकत असली तर परक्याच्या घरीदेखील माझा हात आपोआप पुढे जातो. वर्गात बाकांची रांग मोडली की कविता अर्धी टाकून मी आधी बाके लावतो. वीस वर्षे मास्तरकी केल्यावर माणसाचे असे होत असावे.

गेल्या दिवाळीत सुट्टीला घरी गेलो, तो पहिल्याच सकाळी अशीच एक वाकडी गोष्ट दृष्टीस पडली. कर्ली नदी समुद्राला मिळते, त्या देवबागच्या बाजूला आमचे घर. परसाच्या टोकाला खाडी आणि खाडीत अण्णांची शिडाची होडी. वारा नाही, लाट नाही, आत माणूस नाही. तरी होडी डाव्या अंगावर चांगली वीतभर कललेली! दमलेल्या माणसाने खांबाला खांदा टेकून उभे राहावे तशी.

“नारळी पुनवेनंतर पाण्यात घातली तेव्हापासून अशीच आहे, दादा,” धाकटा भाऊ म्हणाला. “डोलकाठी कुजली होती, ती तेवढी नवी घातली. बाकी काही केलेले नाही.”

अण्णा त्याच वर्षीच्या आषाढात गेले होते. त्यांच्यामागे होडीकडे मन लावून पाहील असे घरात कोणी उरले नव्हते.

डावीकडे वजन जास्त झाले तर उजवीकडे घालावे, हे तिसरीतले पोरही सांगेल. गडग्याचे तीन चिरे मी उजव्या अंगाला फळीवर नेऊन ठेवले. होडी हळूहळू वर आली आणि जवळजवळ सरळ उभी राहिली. मी मोठ्या ऐटीत सगळ्यांना हाक मारली. पुतण्या तर उडी मारून होडीच्या काठावर जाऊन बसलासुद्धा.

तेवढ्यात पर्यटकांना घेऊन जाणारी एक यांत्रिक होडी खाडीतून गेली. तिची लाट आली ती केवढीशी! पण आमची होडी त्या लाटेसरशी उजवीकडे जी लवंडली, ती आधी डावीकडे होती त्याहूनही अधिक. चिरे घसरले आणि पोरगा पाण्यात. पाणी छातीभर, पोरगा पोहणारा, म्हणून तो हसत बाहेर आला. माझे पाय मात्र बराच वेळ कापत होते. एखादा चिरा त्याच्या अंगावर गेला असता तर?

दुपारी शेजारचे म्हातारे तांडेलकाका आले. त्यांनी आधी माझे चिरे काठावर आणून टाकले. मग फळ्या उचलून आतले पाणी उपसले. तळात साचलेले पाणी होडी जिकडे झुकेल तिकडे धावते आणि तिला आणखी झुकवते, म्हणून पहिले काम ते. मग जाळी, वल्ही, नांगर सगळे बाहेर काढले. होडी रिकामी झाली, तरी कललेलीच. मग त्यांनी वरच्या बाजूला हात ठेवून तिला हलकेच दाबले. होडी सावकाश सरळ झाली, क्षणभर थबकली आणि आळस दिल्यासारखी उजवीकडे कलून तिकडेच स्वस्थ बसली.

“बघितलात, मास्तरांनू?” काका म्हणाले. “एका बाजूक वजन आसता तर होडी परत त्याच बाजूक इली असती. ही खयच्याय बाजूक बसता. हिचो पाय उचललो हा. ह्या बाजूक नको, त्या बाजूक नको, वजन तळाक होया. तुमच्या अण्णांचे धोंडे खय गेले?”

अण्णांचे धोंडे! आमच्या होडीला उलांडी नाही. तिचा तोल राहायचा तो तळातल्या नीरमावर. पावसाळ्याच्या तोंडाला होडी वर ओढताना अण्णा ते काळे गुळगुळीत धोंडे एकेक करून काढायचे आणि श्रावणात पुन्हा एकेक करून मधोमध रचायचे. ते कधी कोणाला सांगून केले नाही, म्हणून कोणाला ठाऊकही झाले नाही. त्यात नवी डोलकाठी जाड, म्हणजे वरचे वजन वाढलेले आणि तळचे गेलेले.

मुलांना मी वासा जहाजाची गोष्ट नेहमी सांगतो. स्वीडनच्या राजाचे ते प्रचंड लढाऊ जहाज. निघण्यापूर्वी त्याच्या तोलाची परीक्षा घेतली, ती तीस माणसांना डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत पळवून. तीन फेऱ्यांतच जहाज इतके डोलू लागले की परीक्षाच थांबवण्यात आली. आणि 10 ऑगस्ट 1628 रोजी पहिल्याच सफरीत, मैलभरही न जाता, ते स्टॉकहोमच्या बंदरात कलंडून बुडाले. वर काढले ते 1961 साली. दरवर्षी ही गोष्ट सांगताना मी त्या लोकांना हसत आलो. डोलते आहे हे दिसले, तर डोलायचे का ते पाहावे, की परीक्षाच बंद करावी?

त्या रात्री मला हसू आले नाही. कारण आमच्या घरातही तेच चालले होते.

अण्णा गेल्यापासून आई आणि भावजय यांचे पटेनासे झाले होते. गणपतीत आलो तेव्हा आईचे डोळे पाहून मी तिची बाजू घेतली आणि भावजयीला चार शब्द सुनावले. ती काही बोलली नाही, पण विसर्जन होताच माहेरी गेली, ती पंधरा दिवसांनी परतली. म्हणून या खेपेला मी ठरवून तिची बाजू घेतली. तर वसुबारसेपासून आईने माझ्या ताटासमोर बसणे सोडले. एकदा या अंगाला चिरा, एकदा त्या अंगाला. आणि कोणी बोलू लागले की आम्ही दोघे भाऊ म्हणायचो, “सणाच्या दिवसांत हा विषय नको.” म्हणजे परीक्षा बंद!

अण्णा घरात कोणाची बाजू घेत नसत. मग ते करत होते तरी काय? आठवता आठवता एवढेच आठवले, की दर सोमवारी ते पेटी उघडून आईच्या हातावर तिचे आणि सुनेच्या हातावर तिचे पैसे ठेवीत. हिशेब विचारीत नसत. आता माझी मनीऑर्डर भावाच्या नावावर येते, भाऊ ती बायकोकडे देतो, आणि आईला देवापुढच्या वातीच्या तेलासाठीसुद्धा सुनेपुढे हात पसरावा लागतो. सुनेला वाटते, सासू उगीच टोचून मागते. तळाचा धोंडा गेला होता, आणि मी फळीवर चिरे रचत होतो.

भावाला उठवले. ओसरीवर बसून दोघे उशिरापर्यंत बोललो. आईचे पैसे आईच्या हाती यायचे, एवढेच ठरले.

दुसऱ्या दिवशी धोंड्यांचा शोध सुरू झाला. ते सापडले बायकांना. पाच विहिरीपाशी आईच्या धुण्याच्या जागी, सहा भावजयीच्या अळवाच्या वाफ्याला, तीन माडाच्या बुंध्याशी. “ते धोंडे तुम्ही नेलेत, होय?” आई सुनेला म्हणाली. “आणि धुण्याच्या दगडाखाली कोणी घातले?” सून म्हणाली. फार दिवसांनी त्या एकमेकींशी थेट बोलत होत्या, मग ते धोंड्यांवरून का असेना.

चौदा धोंडे काकांनी तळात मधोमध रचले आणि हलू नयेत म्हणून फळ्यांनी दाबून बसवले. होडी उभी राहिली. तरी बोटभर डावीकडे होतीच. माझा हात पुन्हा चिऱ्याकडे गेला, तेव्हा काकांनी फक्त नांगराचा दोर उचलून उजवीकडे ठेवला.

“आता चलात,” ते म्हणाले.

यंदा आईचे पत्र आले आहे. त्यात सुनेबद्दल दोन तक्रारी आहेत. पूर्वी पानभर असायच्या. पत्राच्या खाली भावजयीच्या अक्षरात एक ओळ आहे: होडी सरळ आहे, लवकर या.