टाकीतला ऊस

इथेनॉलविषयी मी चारचौघांत इतकं वाईट बोललो आहे की मत बदललं हे सांगताना निदान थोडं ओशाळायला हवं होतं. तसं होत नाही, कारण मी उठून समोरच्या बाकावर जाऊन बसलेलो नाही. इथेनॉलवरचा माझा राग शिल्लक आहेच. फक्त ज्या गाडीच्या नावाने मी तो काढत होतो, तिचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता.

गाडी म्हणजे स्कोडा ऑक्टाविया आरएस. २०१७ मध्ये भारतात आली, मोजक्याच आल्या आणि संपल्या. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० हॉर्सपॉवर, बाहेरून बघणाऱ्याला ती साधी कुटुंबवत्सल सेदान वाटते. मी ती जुनीच घेतली. ‘एवढ्या पैशात नवी एसयूव्ही आली असती’ हे घरातलं वाक्य अजून अधूनमधून ऐकतो. अशा गाड्या बाळगणारी आम्ही मंडळी पेट्रोलच्या बाबतीत भलतीच सोवळी. २०२० च्या डिसेंबरमध्ये इंडियन ऑइलने शंभर ऑक्टेनचं पेट्रोल आणलं, पहिल्या दहा शहरांत पुणं होतं. भाव लिटरला दीडशेच्या वर. त्यात इथेनॉल नसतं असं आमच्यात छातीठोकपणे सांगितलं जायचं, आणि मीही ते पुढे सांगायचो. त्या पंपावर उभं राहण्यात एक सुख होतं, ते इंजिनाला किती मिळत होतं आणि मला किती, याचा हिशेब मी कधी केला नाही.

विरोधाची कारणं मात्र हवेतली नव्हती. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या लिटरच्या जेमतेम दोन तृतीयांश ऊर्जा असते. ते पाणी ओढून घेतं. जुन्या जातीचं रबर त्याने फुगतं, चिरतं. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ ते सोडवतं आणि फिल्टरपर्यंत नेऊन पोचवतं. हे सगळं तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. यातलं माझ्या गाडीला काय लागू होतं, हा प्रश्न मी विचारला नव्हता.

तो विचारला गेला तो आकड्यांमुळे. ओबीडीच्या खाचेत डोंगल लावून इंजिनाचे आकडे फोनवर बघत बसायची मला खोड आहे. पुण्याहून सांगली जिल्ह्यातल्या गावी जाताना खंबाटकीचा घाट लागतो. एप्रिलची दुपार, गाडीत चार माणसं, एसी चालू, आणि उजवा पाय पूर्ण खाली. साध्या, एक्याण्णव ऑक्टेनच्या पेट्रोलवर अशा वेळी माझं इंजिन ठिणगी मागे खेचायचं. टर्बो इंजिनात हवा दाबून भरलेली असते. ती तापली की ठिणगीनंतर ज्योत पोचायची वाट न बघता कोपऱ्यातलं मिश्रण आपणच पेट घेतं, त्याला नॉकिंग म्हणतात. नॉक सेन्सर ते ऐकतो आणि संगणक ठिणगी काही अंश उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, ताकद जाते. कागदावर २३० हॉर्सपॉवर लिहिलेली गाडी घाटात प्रत्यक्षात किती देते, हे त्या उशिरावर ठरतं. युरोपात पंच्याण्णव, अठ्ठ्याण्णव ऑक्टेन गृहीत धरून बेतलेलं इंजिन आपण इथे एक्याण्णववर चालवत होतो.

पुढे आमच्या नेहमीच्या पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. शंभर ऑक्टेन संपलेलं होतं, गावी जायचं होतं, नाइलाजाने तेच भरलं. आणि घाटात ठिणगीचा उशीर पूर्वीच्या साध्या पेट्रोलपेक्षा कमी दिसला. मला वाटलं हवा गार असेल. पुढच्या खेपेलाही तसंच. मग डोंगलवर शंका घेतली, दुसरं आणलं. तेही तेच सांगत होतं.

खरं तर यात आश्चर्य वाटण्यासारखं काहीच नव्हतं. शुद्ध इथेनॉलचं ऑक्टेन १०८ च्या आसपास, आणि ई-२० साठी ठरलेलं किमान ऑक्टेन ९५. शिवाय दुसरी गोष्ट. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या अडीच पटींच्या आसपास उष्णता लागते. इंजेक्शन देण्याआधी दंडावर स्पिरिट फिरवलं की गार लागतं, तोच प्रकार सिलिंडरच्या आत होतो. माझ्या इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे तो गारवा नेमका हवा तिथेच मिळतो. ऊर्जा कमी असते हे खरं, पण ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो आणि संगणक फवारा तेवढा वाढवतो. पेट्रोलच्या एका भागाला हवा लागते साडेचौदा-पावणेपंधरा भाग, शुद्ध इथेनॉलला नऊ, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. हा फरक माझी गाडी काही किलोमीटरमध्ये शिकून मोकळी होते, मालकाला कळवतसुद्धा नाही. गाडी त्यामुळे पळायला लागली असा दावा मी करत नाही. कंपनीने जे लिहून दिलं होतं ते उन्हाळ्यातही मिळायला लागलं, इतकंच.

यातली गंमत अशी की हे मला माहीत होतं. अमेरिकेतल्या इंडीकार शर्यती २००७ पासून इथेनॉलवर धावल्या. कोनिगसेगची सीसीएक्सआर साध्या पेट्रोलवरच्या सीसीएक्सपेक्षा दोनशेहून जास्त हॉर्सपॉवर देते, ती ई-८५ च्या जोरावर. २०२३ ची डॉज डेमन १७० हजारावर हॉर्सपॉवर दाखवते तीही ई-८५ वरच, टाकीत ई-१० असेल तर नऊशे. फॉर्म्युला वनमध्येही २०२२ साली दहा टक्के इथेनॉल आलं. हे व्हिडिओ मी मित्रांना पाठवत होतो, ‘काय इंजिनियरिंग आहे!’ असं लिहून. तेच रसायन उसापासून तयार होऊन आपल्या पंपावर आलं तेव्हा मात्र मला त्यात भेसळ दिसली. तिकडे ते रेसचं इंधन आणि इकडे साखरसम्राटांची सोय. साखर कारखान्यांचं राजकारण मी लहानपणापासून घरातच पाहिलेलं. त्या वाड्यातून बाहेर आलेली कुठलीही वस्तू माझ्या इंजिनाच्या भल्याची असेल हे मानायला मन तयार नव्हतं. माझी हरकत रसायनाला नव्हतीच, ते कुणाच्या हातून येतंय त्याला होती. आणि ती मी रबराच्या नळ्यांआडून घेत होतो.

आणखी एक. २०२२ च्या जूनपर्यंत देशभरात सरासरी दहा टक्के मिसळ झालेली होती. म्हणजे ऊर्जेतली निम्मी घट तेव्हाच होऊन गेलेली. मला ती जाणवली नाही, आमच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपमधल्या कुणालाच नाही. पंपावर ‘ई-२०’ असा ठळक स्टिकर लागला आणि त्याच आठवड्यात सगळ्यांचं ॲव्हरेज कोसळलं. त्याहून जुनी गोष्ट म्हणजे २००१ साली इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रायोगिक प्रकल्प झाले त्यात उत्तर प्रदेशासोबत आपलं मनमाड होतं, मिरज होतं. मिरज आमच्या गावापासून तासाभरावर. आमच्या घरच्यांनी ते पेट्रोल टाकलंही असेल, गावात त्याची चर्चा झाल्याचं कुणाला आठवत नाही.

ॲव्हरेज पडतं हे खोटं नाही. वीस टक्के इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा पावणेसात टक्के कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या घडणीच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के घट लिहिलेली आहे. माझी गाडी एरवीच लिटरला दहा-अकरा देते, तिच्यात हा फरक शोधायला गेलं तर ट्रॅफिकच्या फरकात हरवतो. आणि जो माणूस दीडशे रुपयांचं पेट्रोल हौसेने भरत होता, त्याने सात टक्क्यांसाठी गळा काढावा हे शोभत नाही.

गळा काढायचा हक्क ज्यांना होता ते आमच्या ग्रुपमध्ये नव्हते. वाळवा तालुक्यात माझे मामा आहेत. अडीच एकर ऊस, आणि एक शंभर सीसीची मोटारसायकल, २०२० च्या आधीची, म्हणजे कार्ब्युरेटरवाली. त्या गाडीत सेन्सर नाही, संगणक नाही. पितळेच्या जेटला एक भोक आहे, त्यातून जेवढं यायचं तेवढंच इंधन येणार. टाकीत काय आहे हे त्या भोकाला कळत नाही. मिश्रण फिकं पडतं, इंजिन तापतं. थंडीत इथेनॉल वाफ व्हायला नखरे करतं, म्हणून सकाळी चोक ओढून किक मारत बसायचं. पावसाळ्यात गाडी गोठ्याशेजारी ओलीत उभी असते, टाकीत थोडंथोडं पाणी ओढलं जातं.

मी एकदा गावी गेलो असताना मामा म्हणाले, “सकाळी उठंनाच झालीया बघ गाडी. आन चालता चालता मिसिंग करतीया. तुझी बरी हाय न्हवं?”

“माझी बरी आहे, मामा,” मी म्हणालो. तेव्हा मला ते सांगताना खरंच अवघड वाटलं. कारण इथेनॉलने गाड्या बिघडतात हे पुण्यात बसून सगळ्यात मोठ्याने ओरडणारा मी होतो, आणि बिघडलेली गाडी समोर होती ती मामांची.

मेकॅनिकने फ्लोट साफ केला, रबरी नळी बदलली, जेट एक नंबर मोठा घातला. गाडी सुधारली. ॲव्हरेज गेलं ते गेलंच, आणि मामांना लिटरमागचे पाच किलोमीटर मला दहा-अकरातला एक जातो तसे जात नाहीत. दूध घालायला रोज डेअरीपर्यंत जायचं असतं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग ई-२० चालेल असे बनवायचा नियम झाला, पण रस्त्यावर आहेत त्यांतल्या बहुतेक दुचाकी त्याआधीच्या. त्यांचे मालक ग्रुपवर लांबलचक पोस्टी लिहीत नाहीत.

यावर मामा इथेनॉलला शिव्या घालतील असं वाटत असेल तर तेही नाही. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान भाव, द्यायची असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, आणि त्या चौदा दिवसांचे किती महिने होतात ते उसाच्या पट्ट्यात कुणालाही विचारा. साखर गोदामात पडून राहते, इथेनॉलचा पैसा तेल कंपन्यांकडून काही आठवड्यांत येतो. मामांचा कारखाना डिस्टिलरी चालवायला लागल्यापासून बिलं पूर्वीपेक्षा वेळेवर येतात. २०२३ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एकदम मनाई केली, आठवडाभरात ती थोडी सैल केली, पुढच्या ऑगस्टमध्ये उठवली. त्या काळात मामांनी मला फोन करून विचारलं होतं, दिल्लीत काय चाललंय म्हणून. जसं काही मी दिल्लीत असतो.

आता माझा राग कशावर आहे ते सांगतो. नीती आयोगाच्या त्याच अहवालात म्हटलं होतं की इथेनॉलमिश्रित पेट्रोल साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त असावं, म्हणजे कमी ऊर्जेची भरपाई होईल. तसं झालं नाही. मामा सात टक्के कमी ऊर्जेचे पूर्ण पैसे देतात. ब्राझीलमध्ये पंपावर शुद्ध इथेनॉल आणि मिश्र पेट्रोल असे वेगवेगळे नोझल आणि वेगवेगळे भाव असतात. माणूस फळ्यावरचे आकडे बघून ठरवतो. आपल्याकडे जुन्या गाडीवाल्याला कमी मिश्रणाचा नोझल निवडता येत नाही, आणि इथेनॉलविना म्हणतात ते महागडं पेट्रोल माझ्यासारख्या हौशी माणसाकरता आहे, ज्याला त्याची गरजच नाही. हे उलटं आहे.

पाण्याबद्दलही माझं मत होतं तेच आहे. साखरेपासून एक लिटर इथेनॉल करायला २,८६० लिटर पाणी जातं, हाही नीती आयोगाचाच आकडा. कृष्णाकाठी बसून तो वाचणं वेगळं आणि लातूरला वाचणं वेगळं. आता मक्याचं इथेनॉल वाढतंय. २०२४-२५ च्या हंगामात मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे भाव होता, मळीच्या सी-हेवीला ५७ रुपये ९७ पैसे. मका महाग, पण एकरी पाणी कमी पितो. यात काय बरोबर ते इंजिनाच्या आकड्यांवरून मला ठरवता येणार नाही, आणि मी तसं ठरवणार नाही.

गाडीचं म्हणाल तर शंभर ऑक्टेन बंद केलं. वाचलेल्या पैशांत चांगले टायर घेतले, घाटात त्यांचा फरक कुठल्याही पेट्रोलपेक्षा जास्त पडतो. इंधनाच्या नळ्या तपासून घेतल्या, फिल्टर वेळेआधी बदलला. ग्रुपवर कुणी तरुण मुलगा घाबरून विचारतो तेव्हा मी त्याला आधी गाडीचं साल विचारतो, मग इंजिन कुठलं ते. बाकीचे मला ‘कारखान्याचा माणूस’ म्हणतात.

आणि मोह आता वेगळाच झालाय. २०२१ साली शुद्ध इथेनॉल विकण्याचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला तो पुण्यातच, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या पंपांवर ई-१०० आलं. माझ्या इंजिनाला ते नुसतं भरून चालणार नाही, उच्चदाबाचा पंप तेवढा फवारा देऊ शकत नाही. पण तीस टक्क्यांच्या आसपास मिश्रण आणि त्याला साजेसा संगणकाचा रीमॅप केला तर याच इंजिनातून परदेशातले लोक काय काढतात ते मी बघून ठेवलंय. इथे ते नियमात बसत नाही, विमा कंपनी अपघातानंतर हात वर करेल, म्हणून करत नाही. फ्लेक्स-फ्युएल सेन्सर केवढ्याला पडतो, एवढं मात्र विचारून आलोय.