रियाजाचा तास

जबलपूरच्या राइट टाउनमध्ये बैठ्या बंगल्यांच्या जागी एकेक करून मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, तशी तिथल्या वाजवणाऱ्यांची एक जुनी सोय गेली. भोवती अंगण, पुढे पडवी, जाड विटांच्या भिंती. मागच्या खोलीत कुणी सतार घेऊन बसलं तर कुंपणापलीकडे त्यातलं थोडंच पोचायचं. आता एकाची जमीन ती दुसऱ्याचं छत. भोसल्यांच्या काळापासून या शहरात मराठी कुटुंबं आहेत, त्यांच्या घरांतून पेटी, तबला, सतार अजून शिकली जाते, आणि सदनिकेत राहणाऱ्या प्रत्येक शिकणाऱ्यापुढे हाच पेच असतो: वाजवायचं तर आहे, पण खालच्या घरी कुणी आजारी असेल तर? माझं म्हणणं असं की, हा पेच भिंतीपाशी सुटत नाही. तो घड्याळापाशी सुटतो, आणि आपण मात्र सगळी मेहनत भिंतीवर खर्च करतो.

भिंतीचं गणित आधी पाहू. आवाज अडवतं ते वजन. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर आवाज फार तर 6 डेसिबलनं उतरतो, आणि कानाला तो निम्मा वाटायला सुमारे 10 डेसिबलची घट लागते. जबलपूरला तर वजन वाढवण्याचा मार्ग आणखी एका कारणानं अवघड आहे. 22 मे 1997 च्या पहाटे या शहरानं भूकंप अनुभवला. भूकंपात इमारतीवर येणारा जोर तिच्या वजनाबरोबर वाढतो, म्हणून काँक्रीटच्या चौकटीत हलक्या भिंती भरणं हेच शहाणपण. जी भिंत जीव वाचवायला हलकी हवी, तीच सूर अडवायला जड हवी! या दोन गरजांत पहिलीलाच मान द्यावा लागेल. बरं, भिंत कितीही चांगली असली तरी दाराखालची फट आणि खिडकीच्या चौकटीतली भेग तिचं काम निकामी करते. अंड्यांचे ट्रे, जाड पडदे, भिंतीवरचा स्पंज यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, वाजवणाऱ्याला बरं वाटतं; शेजाऱ्याला जवळपास तेवढंच ऐकू येतं. एक उपाय मात्र खरोखर लागू पडतो. डग्ग्याचा खर्जातला घुमार हवेतून जातो तसाच जमिनीतूनही जातो, म्हणून चुंबळीखाली दुहेरी रजई घातली तर खालच्या घराचा त्रास नक्की घटतो. हा उपाय स्वस्त आहे, तो न करणं हा निव्वळ आळस.

मग मूक वाद्यं घ्यावीत, असं कुणी म्हणेल. जपानमध्ये 1974 साली हिरात्सुका इथे पियानोच्या आवाजावरून एका शेजाऱ्यानं तिघींचे खून केले होते, इतका हा प्रश्न टोकाला जाऊ शकतो. पुढे 1990 च्या दशकात यामाहानं कानाला यंत्र लावून वाजवायचे पियानो आणि व्हायोलिन बाजारात आणले. बोटांची तयारी त्यांवर होते, हे मान्य. पण सतारीची मींड कुठे थांबली हे तरफा कशा झंकारतात त्यावरून कळतं, आणि डग्ग्यावर मनगट किती दाबायचं हे त्या पुडीच्या उत्तरावरूनच शिकावं लागतं. वाद्याशी हे बोलणं बंद झालं तर रियाजाचा अर्धा जीव जातो.

उरते वेळ. आपल्याकडच्या 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे 10 ते 6. पण कायद्याच्या आकड्यात बसणारा आवाजही छळू शकतो. एकच पलटा पुनःपुन्हा, त्याच जागी अडखळत, कधी सुरू होईल आणि कधी संपेल याचा पत्ता नसताना ऐकणं, त्रास यातला आहे. तोच पलटा संध्याकाळी 6 ते 7 एवढाच, हे ठाऊक असलं की माणूस त्या तासात फिरायला जातो, भाजी आणतो, किंवा नुसतं मनानं तयार राहतो. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं 2018 साली एका ट्रम्पेटवादकाच्या खटल्यात हीच वाट धरली: घरात वाजवण्यावर सरसकट बंदी घालता येणार नाही, पण कामाच्या दिवशी दोन-तीन तास, रविवारी आणि सुटीला एक-दोन तास, आणि विश्रांतीच्या वेळा पाळायच्या. न्यायालयानं भिंत जाड करायला सांगितलं नाही, तास वाटून दिले.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप परंपरेचा आहे. जबलपूरहून सतन्याला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच मैहर लागतं. तिथे अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या शिष्यांनी दिवसाचे कितीतरी तास वाजवून हात कमावले. तासाभरात तसं काय घडणार? खरं आहे, तेवढ्यात तसं घडत नाही. पण रियाजाचा प्रत्येक भाग मोठ्या आवाजाचा नसतोच. पहाटे तबलजी हातावर ताल देत कायदा, रेला यांची पढंत करू शकतो. ज्याचे बोल तोंडात स्वच्छ नाहीत त्याच्या बोटांतही ते स्वच्छ येत नाहीत. सतारीवर नखी न लावता पडद्यांवरून बोटं फिरवता येतात. व्हायोलिनवाल्याला अगदी हळू, अखंड गज ओढणं जोरात वाजवण्याहून कठीण जातं, तेव्हा तो दबका तास त्याच्यासाठी शिक्षा नव्हे, कसून शिक्षण आहे. पूर्ण आवाजाचा तास या सगळ्यानंतर लागतो. आणि तो कमी पडला तर घराबाहेर पडावं. सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स 1959 पासून दोन वर्षं न्यू यॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन वाजवत होता, कारण घरात वाजवून शेजाऱ्यांना त्रास होईल याची त्याला काळजी होती.

राइट टाउनमध्ये रुग्णालयं आहेत, शिकवणीवर्ग आहेत. रात्रपाळी करून दुपारी झोपणारी परिचारिका आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षेला बसणारं मूल एकाच जिन्यात भेटू शकतात. म्हणून तास ठरवायचा तो विचारून, जिना चढून दार वाजवून, आणि परीक्षेच्या महिन्यात आपणहून आखडता घेऊन. एवढं झाल्यावर शेजाऱ्यावरही काही येतं. ठरलेला तास त्यानं पूर्ण मिळू द्यावा. बेसूर लागला म्हणून मध्येच भिंत ठोकू नये, कारण बेसूर सूर सुरात आणण्यासाठीच तर तो तास मागितला होता. इमारतीच्या सोसायटीनं पाण्याच्या वेळा लिहितात त्याच फलकावर हा तासही लिहावा, दर वर्षी जूनमध्ये पुन्हा विचारून.