घराकडे पाहायचे राहून गेले



तुमची माझी गाठ पडते ती बांधावर. बोलणे होते ते कापसाचे, तुरीचे, फार तर पावसाचे. आज मात्र घरची गोष्ट सांगणार आहे आणि शेवटी तुम्हाला एक आमंत्रण देणार आहे.

येत्या मार्गशीर्ष वद्य पंचमीला माझ्या पत्नीला जाऊन एक वर्ष होईल. तिचे नाव इथे लिहीत नाही, कारण तुम्ही सगळे तिला ‘वहिनी’ म्हणूनच ओळखता. तुमच्यापैकी पुष्कळांनी तिच्या हातचा चहा घेतला आहे. शेतकीच्या साहेबाचे घर म्हणजे चावडीच! मी फिरतीवर असलो तरी आलेला माणूस रिकामा परत जात नसे. “साहेब नाहीत, पण तुम्ही बसा भाऊ. पिकाला काय झालंय ते सांगा, मी लिहून ठेवते,” असे ती म्हणायची. आणि खरोखर लिहून ठेवायची. गाव, पीक, पानावर डाग आहेत की भोके, फवारणी झाली की नाही, सगळे. तिची शाळा सातवीपर्यंतच झाली होती, पण तिची टिपणे वाचून मला अर्धे निदान घरीच करता येई.

लिहिण्याची तिला सवयच होती. दुधाच्या हिशेबाच्या वहीत गाय कधी व्याली, पेंड कधी आणली, दोडक्याचे बी कधी टोकले, सारे तारीखवार असे. चुलीवरच्या दांडीला वाळलेले दोडके टांगलेले असत. त्यातले बी ती आयाबायांना पुड्या बांधून द्यायची.

आता २०१७ सालचा खरीप आठवा. विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने उभा कापूस नासवला. तेव्हापासून दर हंगामात मी गावोगाव एकच पालुपद लावले. डोमकळी दिसली की तोडून नष्ट करा. एकरी दोन कामगंध सापळे लावा. सापळ्यात सलग तीन दिवस आठ-दहा पतंग सापडले की थांबू नका. आणि दर आठवड्याला वीस हिरवी बोंडे तोडून, फोडून पाहा. कारण ही अळी लहान असतानाच बोंडात शिरते आणि तिचे छिद्र बुजून जाते. बोंड वरून हिरवेगार दिसते, आत सरकी खाल्ली जात असते. “वरून चांगले दिसते म्हणून बसून राहाल तर वेचणीला रडाल,” हे माझे वाक्य तुम्हाला पाठ झाले असेल.

असे सांगत फिरणाऱ्या माझ्या घरी काय झाले ते ऐका.

२०२२ ची दिवाळी. भाऊबीज झाली, पाहुणे गेले. रात्री भांडी आवरता आवरता ती म्हणाली, “अहो, छातीत काखेच्या बाजूला एक गाठ लागते. दुखत नाही काही.”

मी दुसऱ्या दिवशीच्या सभेचे कागद चाळत होतो. मान वर न करता म्हणालो, “दुखत नाही ना? मग उष्णतेची असेल. एवढी वेचणी उरकू दे, मग दाखवू.”

ती “बरं” म्हणाली. पुन्हा विषय काढला नाही. मीही काढला नाही. वेचणी उरकली, हरभऱ्यावर घाटेअळी आली, मी तिच्यामागे लागलो.

संक्रांतीला मुलगी माहेरी आली. आईला न्हाऊ घालताना तिच्या हाताला ती गाठ लागली. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आईला घेऊन स्वतःच जिल्ह्याला गेली. गाठीचा तुकडा तपासला. कर्करोग निघाला आणि तो काखेतल्या गाठींपर्यंत गेला होता. शस्त्रक्रिया झाली, औषधांच्या बाटल्या चढल्या, केस गेले, पुन्हा आले. वर्ष-सव्वा वर्ष बरे गेले. ती पुन्हा गोठ्यात जाऊ लागली. मग पाठ दुखू लागली. रोग हाडांत उतरला होता.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारले होते, “गाठ कधीपासून आहे?” मी म्हणालो, “दिवाळीपासून.” ती गप्प बसून होती.

ती गेल्यावर महिनाभराने दुधाचा हिशेब पाहायला मी ती वही काढली. २०२२ च्या श्रावणातले पान होते. ‘पेंड दोन पोती. वासराला जंताचे औषध. आज न्हाताना गाठ लागली.’ एवढेच. म्हणजे श्रावणापासून दिवाळीपर्यंत ती एकटीच ते ओझे वागवत होती. का सांगितले नाही? त्या दिवसांत मी रात्री नऊला घरी येत होतो आणि आलो तरी तोंडात बोंडअळीच. माझा हंगाम संपण्याची ती वाट पाहत राहिली. आणि सांगितले तेव्हा मी आणखी वाट पाहायला लावली.

बंधूंनो, ‘दुखत नाही’ हे मी भरवशाचे लक्षण मानले. तिथेच चुकलो. छातीतली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. आता हेही ध्यानात घ्या की गाठ आढळली म्हणजे कर्करोगच असे नाही. बहुतेक गाठी साध्या निघतात. पण साधी की कसली, हे डॉक्टरांनी ठरवायचे, नवऱ्याने नव्हे. आणि रोग लवकर सापडला तर बाई बरी होऊन पुढे अनेक वर्षे संसार करते.

भगिनींनो, महिन्यातून एकदा, पाळी आल्यावर आठवड्याने, न्हाताना बोटांच्या पेरांनी छाती आणि काख चाचपून पाहा. पाळी गेली असेल तर महिन्याची एक तारीख धरा. गाठ, कातडीला पडलेली खळी, आत ओढलेले बोंड, त्यातून येणारे रक्त, यातले काहीही दिसले तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. वेचणी थांबेल, मळणी थांबेल, हे थांबत नाही. तिशी ओलांडलेल्या बायकांची अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते. आशाताईंना विचारा. उपचाराच्या खर्चाला महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्यासाठी रेशन कार्ड आणि आधार कार्ड नीट ठेवा.

आता आमंत्रण. गावोगाव पत्रे पाठवणे मला जमणार नाही. ज्यांनी ज्यांनी आमच्या ओसरीवर चहा घेतला, त्यांनी हेच पत्र समजावे. वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी दहापासून आमच्या मळ्यात, आंब्याखाली जमायचे आहे. जेवण साधेच आहे. भात, कढी, वडे, खीर. टोपी-टॉवेल, साडी-चोळी असला कसलाही आहेर आणू नये.

मात्र एकट्याने येऊ नका. घरातली माउली, बहीण, सून, जी असेल तिला बरोबर आणा. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाई आणि सिस्टर त्या दिवशी येणार आहेत. घराच्या माजघरात पडदा लावून बायकांची तपासणी होईल. आत पुरुष असणार नाही. माझी मुलगी दाराशी बसेल. बायका आत असतील तोवर पुरुष मंडळींनी वाढपाचे काम करायचे आहे. मीही करणार आहे.

जाताना प्रत्येक बाईला दोडक्याच्या बियांची एक पुडी मिळेल. बी वहिनींच्याच दांडीवरचे आहे. मी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहिले, ब्याऐंशी उगवले. माघात लावा किंवा मृगापर्यंत कोरड्या डब्यात ठेवा. वेल मांडवावर चढला की एक दोडका बियांसाठी राखा, आणि शेजारणीला बी देताना ती तपासणीला गेली होती का, एवढे विचारा.

वाट पाहतो. अवश्य या.